विषयाबाहेरचे एकतीस

जुलै १९१३ मध्ये भीमराव रामजी आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले तेव्हा त्यांचं वय बावीस होतं. पाचच महिन्यांपूर्वी वडील वारले होते. मुंबईत पत्नी आणि तान्हा मुलगा. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची. त्यातच राहायचं, खायचं, पुस्तकं घ्यायची आणि घरीही पाठवायचे. परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार लिहून दिलेला. अशा मुलाला आपल्याकडची वडीलधारी माणसं आजही एकच सल्ला देतील: इकडेतिकडे बघू नकोस, ठरलेला विषय घे, पदवी घे आणि वेळेत परत ये.

कोलंबिया विद्यापीठात आंबेडकरांनी त्या तीन वर्षांत किती आणि कोणते अभ्यासक्रम घेतले, याची मोजदाद अभ्यासकांनी करून ठेवली आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन यांचा प्रत्येकी १. एकूण साठ. मुख्य विषय होता अर्थशास्त्र. म्हणजे साठांतले एकतीस, निम्म्याहून जास्त, मुख्य विषयाच्या बाहेरचे.

या एकतिसांचं पुढे काय झालं, ते बघण्यासारखं आहे. ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर एक निबंध वाचला. जातीची रचना कशी चालते, ती जन्माला कशी आली आणि वाढली कशी, असा त्याचा विषय. जातीतल्या जातीत लग्न हेच जातिसंस्थेचं मूळ आहे, ही त्यातली मांडणी. हे बंधन टिकवायचं तर नवरा मेल्यावर मागे राहिलेली बाई आणि बायको मेल्यावर मागे राहिलेला पुरुष यांचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक जातीपुढे उभा राहतो. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह ही त्या प्रश्नाला समाजाने शोधलेली क्रूर उत्तरं आहेत, असं त्यांनी दाखवून दिलं. वयाच्या पंचविशीत वाचलेला हा निबंध पुढच्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला आणि आज शंभराहून जास्त वर्षांनीही जगभरच्या वर्गांत वाचला जातो. अर्थशास्त्राच्या एकोणतीस वर्गांपैकी कुठल्याही वर्गात तो लिहिला गेला नसता. तो आला त्या चार वर्गांतून.

तत्त्वज्ञानाच्या वर्गांनी जॉन ड्युई दिले. लोकशाही म्हणजे केवळ राज्यकारभाराची पद्धत नव्हे, ती माणसांनी एकमेकांबरोबर जगण्याची रीत आहे, हा ड्युईंचा विचार आंबेडकरांनी आयुष्यभर सांभाळला, पारखला आणि आपल्या मातीत वापरला. १९३६ साली ‘जातिसंस्थेचं निर्मूलन’ लिहिताना त्यांनी ड्युईंचं ऋण उघडपणे मान्य केलं आहे. जून १९५२ मध्ये कोलंबियाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्यासाठी ते न्यूयॉर्कला गेले तेव्हा गुरूंची भेट होईल, अशी आशा त्यांना होती. ड्युई १ जूनला, समारंभाच्या चारच दिवस आधी, वारले.

जर्मनच्या त्या एका प्राथमिक अभ्यासक्रमाचंही सांगायला हवं. १९२१ साली लंडनमध्ये शिकत असताना आंबेडकरांनी बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज केला, तो जर्मन भाषेत. आणि कोलंबियातल्या लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात त्यांच्याबरोबर राहणारे नवल भथेना हे पारशी तरुण त्यांचे जन्माचे मित्र झाले. पुढे लंडनचं अपुरं शिक्षण पुरं करायची वेळ आली तेव्हा पैसे उसने देणाऱ्यांत भथेना होते. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आंबेडकरांनी सुमारे दोन हजार पुस्तकं गोळा केली होती, असं त्यांचे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. १९१७ साली परतताना सामान ज्या बोटीने धाडलं होतं, ती महायुद्धात पाणतीराने बुडाली आणि त्यातली बरीच पुस्तकं समुद्रात गेली. वर्गांत जे मिळालं होतं ते मात्र त्यांच्याबरोबर घरी आलं.

यावर कुणी म्हणेल, ते बाबासाहेब होते. बुद्धी त्यांची होती, हे खरंच. पण मी बोलतोय त्या गोष्टीला असामान्य बुद्धी लागत नाही. आपल्या विषयाच्या नसलेल्या वर्गाचं दार उघडून आत जाऊन बसायचं, एवढीच ती गोष्ट. त्यासाठी लागते उत्सुकता, थोडं धाडस आणि मोकळा वेळ. पहिल्या दोन गोष्टी आपल्या मुलांकडे भरपूर आहेत. तिसरी आपण त्यांच्याकडून काढून घेतो, आणि या लेखाचं दुखणं ते आहे.

आधी पुण्यातलं एक घर बघू. बी. जे. मेडिकल कॉलेज. ससून रुग्णालयाला लागून असलेलं हे महाविद्यालय १९४६ साली सुरू झालं. डॉक्टरकीचा अभ्यास म्हणजे दिवसरात्र वॉर्ड, विच्छेदन आणि पाठांतर, तिथे नाटकाला जागा कुठून मिळावी? तरी याच महाविद्यालयातून श्रीराम लागू आले, कान-नाक-घशाचे शल्यविशारद. जब्बार पटेल आले, बालरोगतज्ज्ञ. मोहन आगाशे आले, मनोविकारतज्ज्ञ. सतीश आळेकर जीवरसायनशास्त्र शिकून याच महाविद्यालयात संशोधन अधिकारी होते. तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा उभं राहिलं तेव्हा दिग्दर्शक पटेल होते, नाना फडणवीस आगाशे होते, आणि उभ्या राहणाऱ्या संचात आळेकर होते. पुढे ‘सामना’ हा चित्रपट बर्लिनच्या १९७५च्या महोत्सवात गेला, त्याचा दिग्दर्शक लहान मुलांचा डॉक्टर आणि मुख्य नट घशाचा डॉक्टर. आणि ज्या जब्बार पटेलांना नाटकाचं वेड कॉलेजच्या दिवसांत लागलं, त्यांनीच पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरचा चित्रपट केला. विद्यार्थिदशेत उघडलेलं दार कुठे घेऊन जाईल, हे त्या वयात कुणालाच सांगता येत नाही. म्हणून त्याचा आधी हिशेब मागू नये.

या मंडळींनी वैद्यकी वाऱ्यावर सोडली होती, असंही नाही. पटेलांनी दौंडला दवाखाना चालवला. आगाशे ससूनमध्ये रुग्ण तपासत होते आणि महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. माणसाचं दुःख जवळून बघणाऱ्याला नाटक कळतं आणि नाटकात दुसऱ्याच्या कातडीत शिरलेल्याला रुग्ण कळतो. हे दोन धडे एकाच वयात मिळाले, तर एकमेकांत मुरतात.

आजही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरत नाट्य मंदिराबाहेर उभं राहावं. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३पासून पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. ‘अरे आव्वाज कुणाचा’ अशा आरोळ्यांनी सदाशिव पेठेचा तो कोपरा दणाणतो. आतमध्ये तासाभराची एकांकिका होते. पण खरं शिक्षण त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत होऊन गेलेलं असतं. यंत्र अभियांत्रिकीचा मुलगा नेपथ्याचं वजन आणि ते रंगमंचावर किती वेळात लावता येईल याचं गणित मांडतो. वाणिज्य शाखेची मुलगी निर्मितीचा जमाखर्च ठेवते. कोकणातून आलेला मुलगा आपल्या बोलीत वाक्य म्हणतो आणि दिग्दर्शक सांगतो, तसंच ठेव. तालीम रात्री उशिरा संपते, भांडणं होतात, संहिता तीनदा बदलते, शेवटच्या आठवड्यात कुणीतरी आजारी पडतं. पंधरा-वीस माणसांनी मिळून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एक गोष्ट उभी करायची, हे परीक्षेच्या कुठल्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही. नोकरीत मात्र पहिल्या दिवसापासून तेच करावं लागतं.

नाटकवेड्यांचं नाव घेतलं की बाकीची मुलं गप्प बसतात, आपला तो पिंड नाही म्हणून. त्यांच्यासाठी हे शहर आणखी बरंच काही ठेवून बसलं आहे. लॉ कॉलेज रस्त्यावर चालत निघालात तर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर लागतं. १९१७ साली स्थापन झालेल्या या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. देशभरच्या हस्तलिखितांतला एकेक श्लोक ताडून बघत चाललेलं ते काम १९६६ साली पुरं झालं. त्याच भागात प्रभात फिल्म कंपनीच्या जागेवर १९६० साली सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट आणि जवळच पी. के. नायर यांनी जन्माला घातलेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. टेकडीच्या अलीकडे बीएमसीसी रस्त्यावर गोखले अर्थशास्त्र संस्था, १९३०ची, धनंजयराव गाडगिळांनी घडवलेली. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी यांचे प्रमाणपत्र वर्ग तिथे आपली पदवी सांभाळून करता येतात. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या चारशे एकरांहून मोठ्या आवारात जयकर ग्रंथालय आहे आणि तिथेच जयंत नारळीकरांनी १९८८ साली उभी केलेली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था.

आयुकाबद्दल थोडं जास्त सांगतो. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या त्या वास्तूच्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत, आणि पृथ्वी फिरते हे डोळ्यांना दाखवणारा फुकोचा लंबक आहे. नारळीकर जगातल्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञांपैकी एक, पण त्यांनी ही संस्था फक्त शास्त्रज्ञांसाठी ठेवली नाही. शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं सुरू केली आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला दारं सगळ्यांना उघडी केली. त्या दिवशीच्या गर्दीत बी.ए. मराठीची, इतिहासाची, वाणिज्यची मुलं दिसली पाहिजेत. ताऱ्याचं आयुष्य कसं संपतं, हे कळायला पदवी लागत नाही. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. मराठीत विज्ञानकथा लिहिणारा हा माणूस आपल्या विद्यार्थ्यांना विषयांच्या भिंती ओलांडून दाखवत राहिला. त्याला आदरांजली वाहायची तर त्या आवारात एकदा तरी पाऊल टाकावं.

ही सगळी ठिकाणं काही किलोमीटरांच्या टापूत आहेत. त्यातली एकही न बघता पुण्यात चार वर्षं काढून परत गेलेली मुलं मला भेटतात, तेव्हा वाईट वाटतं. त्यांना बोल लावावा असं मात्र वाटत नाही. कारण सकाळी सातला क्लास, मग कॉलेज, मग दुसरा क्लास, मग मेसचा डबा, मग कॉट बेसिसवर घेतलेल्या खोलीत चार जणांत मिळून एक टेबल. घरून येणारे पैसे मोजके. वडिलांनी सोयाबीन विकून फी भरली आहे, हे मुलाच्या डोक्यातून क्षणभरही जात नाही. त्याला कुणी ‘क्षितिजं रुंदाव’ म्हणून सांगितलं तर ते त्याला श्रीमंतांचं बोलणं वाटेल, आणि त्याची काही चूक नाही.

म्हणून वेळ आणि पैसा यांचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. महाराष्ट्राने तो फार पूर्वी ओळखला होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर उभं केलं. पुणे विद्यापीठातली कमवा व शिका योजना आजही कर्मवीरांच्या नावाने चालते. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात तासाच्या हिशेबाने काम आणि त्याचे पैसे. १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती खेड्यांतून पुण्यात येणाऱ्या गरजू मुलामुलींना राहायला-जेवायला देते आणि वसतिगृहाची कामं मुलांनाच करायला लावते. अशा योजनांत काम केलेल्या विद्यार्थ्याला ग्रंथालयाच्या मांडणीवरून हात फिरवताना जे पुस्तक दिसतं, ते कुठल्याही यादीतून सापडलं नसतं. दहा हजार विद्यार्थ्यांना नवे टॅब वाटण्यापेक्षा शंभर मुलांची दोन वेळच्या जेवणाची चिंता मिटवणं हे क्षितिज रुंदावण्याचं जास्त खरं काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक कुलूप आहे. वसतिगृहाचं फाटक संध्याकाळी बंद होतं. पुरुषोत्तमची तालीम, सवाई गंधर्व महोत्सवातलं रात्रीचं गाणं, ग्रंथालयातली शेवटची दोन तासांची शांतता, हे सगळं त्या फाटकाबाहेर राहतं. सुरक्षिततेची काळजी मला समजते. पण सुरक्षित बससेवा, उजेड आणि सोबत यांची व्यवस्था करायची सोडून कुलूप लावणं, ही व्यवस्थेने स्वतःची सोय बघणं झालं. शंभर वर्षांपूर्वी इरावती कर्वे फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान शिकल्या, मुंबईत घुर्यांच्या हाताखाली समाजशास्त्राकडे वळल्या आणि १९२८ साली बर्लिनला जाऊन मानववंशशास्त्रात पीएच.डी. करून आल्या. घरच्यांनी दार लावून घेतलं असतं तर ‘युगान्त’ लिहिणारी बाई आपल्याला मिळाली नसती.

शहराबाहेरचं शिक्षणही यात धरायला हवं. राष्ट्रीय सेवा योजना गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं गावातलं शिबिर. बऱ्याच महाविद्यालयांत हे शिबिर म्हणजे दहा गुणांची सोय होऊन बसलं आहे. पण ज्या गावात प्राध्यापक स्वतः फावडं उचलतात, तिथून परतलेली मुलं वेगळी दिसतात. चंद्रपूर जिल्ह्यात मूल तालुक्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांनी १९६७ साली सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी अजूनही दर वर्षी १५ ते २२ मेदरम्यान भरते. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात सकाळी श्रमदान, दुपारी चर्चा, रात्री गाणी. सांगलीचा मुलगा तिथे गोंडी बोलणाऱ्या मुलाशेजारी घमेलं उचलतो. आनंदवनातल्या कुष्ठमुक्त माणसांनी सोमनाथची जमीन कशी कसली, ते डोळ्यांनी बघतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकातल्या ‘श्रम’ या प्रकरणाला त्यानंतर चेहरा येतो.

आता सरकारी धोरणाने विषयांच्या भिंती कागदावर तरी खाली आणल्या आहेत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घ्यायचा, दुसऱ्या विद्याशाखेचे ओपन इलेक्टिव्ह घ्यायचे, आणि मिळालेले श्रेयांक साठवायचे, अशी रचना आहे. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५पासून पदवीला लागू झाली. कल्पना चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पण मुलांना विचारलं, ओपन इलेक्टिव्ह कुठला घेतलास, तर उत्तर मिळतं: ‘ज्यात मार्क्स पडतात तो.’ दुसरं उत्तर त्याहून खरं असतं: ‘कॉलेजात शिकवायला जे सर होते, तो.’ पूर्ण वेळ प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवून, तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकांच्या जोरावर बहुविद्याशाखीय शिक्षण देता येत नाही. कोलंबियात साठ अभ्यासक्रम घेता आले, कारण ते शिकवणारे ड्युई, अर्थशास्त्राचे सेलिग्मन, गोल्डनवायझर तिथे जागेवर होते. हा हिशेब मंत्रालयाने मांडायला हवा.

आणि ज्यांच्या गावात आयुका नाही, भांडारकर नाही, त्यांचं काय? याचं उत्तर आंबेडकरांनीच देऊन ठेवलं आहे. १९५० साली त्यांनी औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालय काढलं. निजामी राजवटीत शिक्षणापासून दूर राहिलेल्या मराठवाड्यातल्या गरीब मुलांसाठी त्यांनी नागसेनवनात वर्गांबरोबर वसतिगृहं उभारली आणि ग्रंथालय मनापासून वाढवलं. दलित साहित्याची चळवळ पुढे ज्या आवारांत वाढली, त्यांत मिलिंदचं नाव पहिल्या काहींत येतं. ‘अस्मितादर्श’चे संपादक गंगाधर पानतावणे तिथेच प्राध्यापक होते. चांगलं ग्रंथालय, राहायची सोय आणि विद्यार्थ्याचं लिखाण वाचून त्यावर बोलणारा एक शिक्षक, एवढ्या तीन गोष्टी तालुक्याच्या गावीही उभ्या राहू शकतात.

दिवाळीची सुट्टी संपली की दुसरं सत्र सुरू होईल. पालकांनो, मुलगा एखाद्या संध्याकाळी नाटकाला किंवा व्याख्यानाला गेला म्हणून ‘अभ्यासाचं काय?’ हा प्रश्न एकदा तरी गिळून टाका. प्राचार्यांनो, मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाची वेळ या वर्षी पुन्हा एकदा बसून ठरवा, आणि ठरवताना मुलींना बोलवा. आणि विद्यार्थ्यांनो, आठवड्यातला एक तास बाजूला काढा. आपल्या विषयाशी काही संबंध नसलेल्या विभागाचं वेळापत्रक फलकावर बघा, त्या शिक्षकांना आधी जाऊन भेटा आणि विचारा, मागच्या बाकावर बसू का? मार्क मिळणार नाहीत, हजेरी लागणार नाही. बहुतेक शिक्षक हो म्हणतात.